दगडापाशी राहिलेलं भांडण

मंदार, आज सकाळी लढाऊ विमानं पुन्हा आपल्या ब्लॉकवरून गेली. खिडकीच्या काचा थरथरल्या. मी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि सवयीने तुझ्या टेबलाकडे बघून विचारलं, "आज जास्त आहेत का रे?" तू असतास तर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला असतास, "सराव आहे गं. रोजचाच." तेवढ्या आधारावर मी या शहरात दहा वर्षं काढली. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यावरही तू मला लेक्चर दिलं असतंस.

तुला जाऊन अजून दोन आठवडेही झालेले नाहीत. रविवारी सकाळी तू ईस्ट कोस्टला सायकल चालवायला गेलास आणि समुद्राकाठच्या एका बाकावर बसलास, तो बसलासच. तुझ्या हृदयाने तुला काही सांगायला वेळ दिला नाही, असं डॉक्टर म्हणाले. निघताना आपलं भांडण चालू होतं. हेल्मेटचा पट्टा लावत तू म्हणालास, "आल्यावर बोलू." मी म्हटलं, "आल्यावर तुला भूक लागलेली असते, मग तू कशालाही हो म्हणतोस. आत्ताच बोल." तू हसलास आणि गेलास.

भांडण कशाचं ते तुला वेगळं सांगायला नको, वर्षभर या घरात दुसरा विषयच नव्हता. आपला निहार अठराचा होतोय. आपल्याबरोबर त्यालाही पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना मिळाला, म्हणून इथल्या मुलांसारखी त्यालाही दोन वर्षं सैन्यात काढावी लागणार, इथले लोक त्याला एनएस म्हणतात. जानेवारीत हजर व्हायचंय. माझं म्हणणं, त्याआधी त्याचा पीआर सोडून देऊ आणि पुण्याला जाऊ. माझी कंपनी मला तिथे बदली द्यायला तयार होती, आजही आहे. पुढे कधी निहारला इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं झालं तर दार उघडेलच असं नाही, हे मलाही कळत होतं. न उघडू दे. तुझं म्हणणं एवढंच, की तो जाईल.

आपल्या दोघांच्या कामातच हे भांडण होतं. प्रोजेक्टमध्ये काय काय बिघडू शकेल याचा विचार इतरांच्या आधी करायचा, हे माझं काम. घाबरण्याचाच मला पगार मिळतो. तू विद्यापीठात आशियाचा इतिहास शिकवायचास. घाबरायचं ते सगळं तुझ्या पुस्तकांमध्ये होऊन गेलेलं असायचं, त्यामुळे तुला त्यात रस वाटायचा. पहिल्या तासाला तू वर्गाला विचारायचास, "तुमच्यापैकी कोणाच्या आजी घर न बदलता वेगवेगळ्या झेंड्यांखाली राहिल्या?" मग मुलं आजीला विचारून यायची. इंग्रजांचा झेंडा, जपान्यांचा, पुन्हा इंग्रजांचा, मग मलेशियाचा, मग इथला. बाई त्याच गल्लीत, त्याच चुलीशी. घरी येऊन तू हे डोळे चमकवत सांगायचास. मला मात्र दर वेळी वाटायचं, झेंडा उतरवला आणि दुसरा चढवला, त्यामधल्या आठवड्यात त्या बाईने काय केलं असेल? तिचे मुलगे कुठे असतील?

पुंगोलच्या या घरात आपण आलो त्या आठवड्याची गोष्ट अजून माझ्या पोटात आहे. नव्या घरात आल्यावर लोक पडदे आणायला जातात. तू आम्हाला बीचवर दगड दाखवायला नेलंस. निहार आठ वर्षांचा होता, हातात फिशबॉलची काडी. बीच एवढासा, पलीकडे मलेशिया दिसत होता, लोक मासे धरत बसले होते. दगडावर लिहिलं होतं, की दुसऱ्या महायुद्धात हे बेट जपान्यांच्या ताब्यात गेलं त्या पहिल्या दिवसांत इथे चिनी पुरुषांना आणून गोळ्या घातल्या.

तू आम्हाला सांगत सुटलास. बेट पडलं तेव्हा इंग्रजही हरू शकतो, हे सगळ्या खंडाने पाहिलं. त्यानंतर त्यांना पुन्हा पूर्वीसारखं बसता आलंच नाही. भारत गेला, ब्रह्मदेश गेला, शेजारून डचांना निघावं लागलं. "खंड इथे वळला, अश्विनी. या वाळूच्या आसपास." मी त्या वाळूकडे बघितलं आणि पाय मागे घेतले. निहारने विचारलं, "बट व्हाय दे केम हिअर, बाबा?" तेव्हा तू त्याला खरं ते सांगितलंस. पुरुषांनी अमुक ठिकाणी हजर व्हावं, असा हुकूम निघाला होता. बरेच जण आपल्या पायांनी गेले. काहीतरी विचारतील आणि सोडतील, असं वाटून. काहींना खरोखर सोडलं. बाकीच्यांना लॉरीत घातलं.

"म्हणजे समबडी कॉल्ड देम, अँड दे वेंट?" निहार म्हणाला. तू हो म्हणालास. त्या क्षणी मी काय ठरवलं ते मी कोणालाच बोलले नाही. माझ्या मुलाला कोणी बोलावलं, तर मी त्याला पाठवणार नाही.

तू त्याच दगडापासून नेमका उलटा धडा घेतलास. त्या माणसांची राखण करणारे परके होते, म्हणालास. परके हरले, शरण गेले आणि मागे राहिलेल्यांचं कोणी उरलं नाही. म्हणून पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर या लोकांनी ठरवलं, की आपली राखण आपणच करायची, प्रत्येक घरातला मुलगा त्यात हवा. "आपण इथलं घर घेतलं, शाळा घेतली, त्याचे मित्र इथले. राखणीची पाळी आली की आपला मुलगा तेवढा पुण्याला?" तू आवाज न चढवता हे बोलायचास, त्याचा मला जास्त राग यायचा. मी म्हणायचे, "तुझ्या इतिहासात आया कुठे असतात रे?" तू म्हणायचास, "असतात. पण त्यांना कोणी विचारलेलं नसतं." आणि मग मलाच चहा करून द्यायचास, वाद मिटल्यासारखा.

आणि ती भोंग्याची गोष्ट. ती तू इतक्या जणांना सांगितलीस, की आता ती तुझीच झाली आहे. पण घडली माझ्यासोबत, म्हणून आज मी सांगते. इथल्या नव्या फ्लॅटांमध्ये असते तशी आपल्याकडेही ती छोटी खोली आहे, जाड भिंतींची, पोलादी दाराची, बॉम्ब पडले तर लपायची. लोक त्यात सुटकेसा आणि जुने पंखे कोंबतात. ईशान्येचा कोपरा नेमका तिथे निघाला, म्हणून मी तिथे देव मांडले. भिंतीला खिळा मारायची बंदी, त्यामुळे गणपतीची तसबीर फळीवर टेकवून ठेवलेली. घरी येणारे लोक चिडवायचे, की तुमचे देव बंकरमध्ये आणि तुम्ही बाहेर.

पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत, बेट पडलं त्या दिवसाच्या आठवणीला, संध्याकाळी शहरभर भोंगा वाजला. दर वर्षी वाजतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा तू सांगितलं असशील आणि माझं लक्ष नसेल. तो आवाज आला. गॅसवर भाजी होती. मी निहारला ओढत देवघरात नेलं आणि ते जड दार लावून घेतलं. तो म्हणत होता, "आई, टेस्ट ओन्ली लाह, टीचर सेड." मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. समईचा वास येत होता. देवांपुढच्या तांब्यात पाणी होतं, ते निहारला किती वेळ पुरेल याचा मी विचार करत होते, आणि त्या विचारात मी स्वतःला धरलंच नव्हतं. भोंगा थांबला तरी दार उघडायचा मला धीर झाला नाही. शेवटी बाहेरून तू उघडलंस. आम्हाला तसं बसलेलं पाहिलंस, पाटावर, मांडीला मांडी लावून, आणि इतका हसलास, की तुला उंबऱ्यातच बसावं लागलं. भाजी जळून कोळसा झाली होती.

पुढे दर गणपतीत, मराठी मंडळी जमली की तू ती नक्कल करून दाखवायचास. मीही हसायचे. पुढच्याच आठवड्यात देवांच्या मागे पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन आले. मी विचारलं तर म्हणालास, सेलमध्ये होते. मी विश्वास ठेवला.

गेल्या वर्षी तर तुझ्याबरोबर बातम्या बघणं मी सोडूनच दिलं होतं. उत्तरेकडच्या समुद्रात जहाजं समोरासमोर येत होती, सीमांवर काही ना काही पेटत होतं, आणि तू सोफ्याच्या कडेला येऊन बसायचास. "पुन्हा वळणावर आहोत गं." एकदा माझा तोल गेला. म्हटलं, "वळणावर बस उलटते ना, तेव्हा तुझ्यासारखे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून वळणाचा अभ्यास करतात. आत बसलेली असतात ती पोरं. या बसमधून मला माझा मुलगा उतरवून घ्यायचाय." तू बातम्यांचा आवाज कमी केलास. मग म्हणालास, "उतरव. पण उतरवून ठेवशील कुठे? पुणं काय या खंडाच्या बाहेर आहे?"

त्यावर मी तुला आदल्या दिवशीची उसळ वाढली. निहार ताटावरून उठला आणि म्हणाला, "यू बोथ टॉक अॅज इफ आय अॅम नॉट हिअर." खरंच होतं ते. आपण त्याला एकदाही सरळ विचारलं नव्हतं. तू विचारलं नाहीस, कारण तू त्याचं उत्तर गृहीत धरलं होतंस, आणि मी विचारलं नाही, कारण मला त्या उत्तराची भीती होती.

तुला मंडाईच्या स्मशानात पोचवून आल्यावर घर माणसांनी भरलं, मग तुझा भाऊ आला, राहिला, आणि त्याला परत जावं लागलं. घर रिकामं झालं त्या दुपारी शेजारच्या लिम आंटी आल्या. हातात पेजेचं भांडं. त्या माझ्याजवळ बसल्या. मग निहार त्याच्या खोलीत आहे ना, हे बघून हळूच म्हणाल्या, "युअर हजबंड आ, ही व्हेरी स्केअर्ड वन. यू नो ऑर नॉट?"

मला वाटलं त्या दुसऱ्या कोणाबद्दल बोलताहेत. मग त्या सांगत गेल्या. त्यांचा मुलगा सैन्यातली दोन वर्षं करून आलाय, म्हणून तू त्यांना गाठायचास. खाली लिफ्टपाशी, मार्केटमध्ये, भेटतील तिथे. पहिल्या रात्री मुलं रडतात का? ताप आला तर घरी कळवतात का? सरावात एखाद्या पोराला लागलं अशी बातमी आली, की तू दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात. "सेम क्वेश्चन, सेम क्वेश्चन. आय टेल हिम, माय सन कम बॅक फॅट, ओके? ही लाफ. नेक्स्ट वीक आस्क अगेन." आणि मला सांगू नका, असं तू त्यांना बजावलं होतंस. "ही से, माय वाइफ ऑलरेडी स्केअर्ड. टू पीपल स्केअर्ड, हाऊ टू लिव्ह?"

आणि भोंग्याचा दिवस. त्या म्हणाल्या, तू त्या संध्याकाळी आधी त्यांच्याकडे धावत आला होतास. घर उघडं, गॅस चालू, बायको नाही, मुलगा नाही. "फेस ऑल व्हाइट. कॅनॉट टॉक." त्यांनी तुला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. त्यांनाच सुचलं, त्या म्हणाल्या, "शेल्टर चेक ऑलरेडी?" मग तू गेलास, दार उघडलंस, आणि हसलास.

आंटी गेल्यावर मी पेज तशीच ठेवली आणि तुझ्यावर इतकी चिडले, मंदार, की तू समोर असतास तर तुझं काही खरं नव्हतं. दहा वर्षं या घरात भित्री म्हणून मीच मिरवले. माझी नक्कल झाली. निहारला वाटत आलं, की आई घाबरट आणि बाबा धीट. तू माझ्याइतकाच घाबरला होतास, कदाचित जास्त, आणि ती भीती जाऊन शेजारणीला दिलीस. मला का नाही दिलीस? दोघं घाबरलेले असले तर जगायचं कसं, म्हणे. असंच जगतात रे. एकमेकांना सांगून जगतात.

रडून झाल्यावर मात्र मला ते सकाळचं आठवलं. "सराव आहे गं. रोजचाच." मला वाटायचं, तुला विमानांचा आवाज ऐकूच येत नाही. तू ऐकत होतास. मान वर काढत नव्हतास, ती तुझा चेहरा मला दिसू नये म्हणून. एवढी वर्षं तू माझ्यासाठी हे करत राहिलास, आणि मी त्याचे आभार मानायच्या आधीच गेलास. आता मानते.

पण त्याने माझं काम अवघड करून ठेवलंय. आजवर मला वाटायचं, हा 'तो जाईल' म्हणतो, कारण याला सगळं पुस्तकातलं वाटतं. हा बाप म्हणून बोलतच नाही. म्हणून तुझं म्हणणं मी सहज बाजूला सारायचे. आता कळतं, की रात्रीची झोप उडालेला बाप तरीही 'तो जाईल' म्हणत होता. त्या दगडासमोर तू जे बोललास, ते भीती वाटत असतानाच बोललास. अशा माणसाचं म्हणणं मला बाजूला सारता येत नाही. आणि पटतं म्हणावं, तर तेही पूर्ण पटत नाही. लॉरीत चढणारी ती माणसं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

काल तुझा दहावा होता. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर होते. ते म्हणाले, परदेशात मुलाचे चार केस कापले तरी चालतं, पूर्ण काढायची सक्ती नाही. निहार म्हणाला, "नो. फुल." आणि चपला घालून खाली निघाला. मी त्याच्या मागे गेले. आपल्या ब्लॉकखाली ते म्हाताऱ्या काकांचं सलून आहे, एका खुर्चीचं, तिथे. निहार खुर्चीत बसला, म्हणाला, "ऑल, अंकल. बोटाक." इथल्या बोलीत टक्कल. काकांनी मशीन हातात घेतलं, त्याचं वय बघितलं आणि हसले. या वयाचा मुलगा केस कशासाठी उतरवतो, हे इथे कोणाला विचारावं लागत नाही. "एनएस आ, बॉय? व्हेन गो इन?"

निहारने आरशातून माझ्याकडे बघितलं. पुण्याच्या बदलीला मी अजून नाही म्हटलेलं नाही, या आठवड्यात कळवायचं आहे, हे त्याला माहीत होतं. त्याचे डोळे हुबेहूब तुझे, वाद न घालता थांबून राहणारे. मशीनचा आवाज चालू होता. इतकी भीती मला त्या भोंग्यालाही वाटली नव्हती, कारण तेव्हा निदान दार लावून घेता आलं होतं.

मी त्याला विचारलं, "जायचंय तुला?" सगळ्या जगासमोर, मराठीत, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"हो, आई," तो म्हणाला. तोही मराठीत.

मी काकांना म्हणाले, "टुडे, फॉर हिज फादर." काकांनी मशीन बंद केलं. "सॉरी आ," ते म्हणाले, आणि मान खाली घातली. मग माझाच आवाज मला ऐकू आला, "जानेवारी, आर्मी."

काकांनी निहारच्या खांद्यावरचं कापड नीट केलं. "ओके," ते म्हणाले. "टुडे आय कट स्लो स्लो." आणि खरंच खूप सावकाश, कुठे ओरखडा न उमटवता त्यांनी त्याचं मुंडण केलं. कानामागचा तो तीळ दिसला. त्याचं जावळ काढलं तेव्हा माझ्या भावाला यायला जमलं नव्हतं म्हणून तू मामा झाला होतास, त्याला मांडीवर घेऊन बसला होतास, तेव्हा पाहिला होता तो. मी भिंतीला टेकून उभी होते. बाहेरून कोणी बघितलं असतं, तर त्याला सैन्यात निघालेला मुलगा दिसला असता. मलाही तोच दिसत होता.

सलूनमधून बाहेर पडल्यावर निहार डोक्यावरून हात फिरवत लिफ्टपर्यंत आला. बटण दाबून म्हणाला, "आई, यू स्केअर्ड?"

तुझं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. सगळं ठीक आहे रे, रोजचंच आहे. मी ते गिळलं. म्हटलं, "हो. खूप."

"मी टू," तो म्हणाला.

मग आम्ही दोघं, घाबरलेले, लिफ्टची वाट बघत उभे राहिलो. तू असतास तर तिसरा घाबरलेला तू असतास, मंदार, आणि या वेळी आम्ही तुला शेजारी जाऊ दिलं नसतं.